बफेलो नदीवर तीन दिवस: आधी पाणी बघा, मग बेत ठरवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मेमोरियल डेच्या तीन सुट्ट्यांत डॅलसहून अर्कान्सातल्या बफेलो नॅशनल रिव्हरला यायचंय. तुम्ही दोघं, १२ वर्षांचा मुलगा, ८ वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले आई-बाबा. बाबांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. शनिवारी पॉन्का ते काइल्स लँडिंग कनूतून (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी), रविवारी हेम्ड-इन हॉलो धबधब्याचा ट्रेक आणि दोन्ही रात्री नदीकाठच्या गोट्यांवर तंबू. हे सगळं तीन दिवसांत बसेल का, असं तुम्ही विचारलंय.

वेळेच्या हिशेबाने बसेल, आणि जागाही तुम्ही उत्तम निवडल्या आहेत. पण खरी अडचण वेळेची नाही, पाण्याची आहे. मे अखेरीला पॉन्काला कनू तरंगण्याइतकं पाणी असेल का, की उलट इतकं असेल की आठ वर्षांच्या मुलीला घेऊन उतरूच नये, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. मी गेली चौदा वर्षं बेंटनविलला राहते आणि दर वसंत ऋतूत या नदीवर ओळखीच्या कुटुंबांचे गट घेऊन जाते. तरीही आदल्या गुरुवारपर्यंत मी कोणालाही कुठला टप्पा करायचा ते सांगत नाही.

मी मूळची रोह्याची. वल्हं हातात धरायला शिकले ती कोलाडला, कुंडलिकेवर. तिथे मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली सुटतं, सकाळी ठरल्या वेळी नदी भरते आणि राफ्टा निघतात. ऐन मे महिन्यातसुद्धा. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा नदीचा पहिला अनुभव तोच असतो, त्यामुळे बुकिंग केलं म्हणजे पाणी असणारच असं मनात पक्कं बसलेलं असतं. बफेलोवर एकही धरण नाही. वरच्या डोंगरांत पाऊस पडला तर नदी भरते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. पाऊस नसला तर वरच्या भागात गोटेच गोटे. उन्हाळ्याच्या शेवटी तर नदीवरच्या वूलम या ठिकाणाच्या खाली काही अंतर पाणी चुनखडीच्या भेगांतून जमिनीखाली गडप होतं आणि पात्र कोरडं दिसतं.

धरण नसणं हा योगायोग नाही, म्हणून दोन ओळी जास्त लिहिते. १९६०च्या दशकात लष्कराच्या अभियंता विभागाला इथे धरणं बांधायची होती. त्याविरुद्ध उभे राहिले ते नील कॉम्प्टन, बेंटनविलचे डॉक्टर. १९६२मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओझार्क सोसायटी स्थापन केली, १९६५मध्ये राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनीही धरणाला विरोध केला, आणि १ मार्च १९७२ला ही देशातली पहिली ‘नॅशनल रिव्हर’ झाली. सुमारे १३५ मैल नदी उद्यानाच्या हद्दीत आहे. मी ज्या गावात राहते त्याच गावातल्या एका डॉक्टरने आयुष्यातली वर्षं घातली म्हणून आज ही नदी मोकळी वाहते, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं. त्या मोकळेपणाची किंमत एवढीच, की तिच्या सोयीने आपण जायचं.

आता पाणी बघायचं कसं ते सांगते. उद्यानाच्या संकेतस्थळावर प्रत्येक ठिकाणची पाण्याची पातळी रोज मिळते आणि तिला फार कमी, कमी, मध्यम, जास्त, पूर असं नाव दिलेलं असतं. नुसता आकडा पाहून काही कळत नाही. वरच्या पॉन्काचे दोन फूट आणि नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या टायलर बेंडचे दोन फूट यांचा एकमेकांशी संबंध नसतो. तुम्ही ते नाव बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आलेखाची रेघ चढतेय की उतरतेय ते बघा. ‘मध्यम’ आणि उतरती रेघ म्हणजे सोन्यासारखा दिवस. ‘मध्यम’ आणि चढती रेघ असेल तर मी लहान मुलांना घेऊन उतरत नाही, कारण दुपारपर्यंत ते ‘जास्त’ होऊ शकतं आणि मधे बाहेर पडायला रस्ता नसतो.

पॉन्का ते काइल्स हा साधारण साडेदहा मैलांचा टप्पा. नदीवरचा सगळ्यात देखणा भाग हाच, यात वाद नाही. उजवी-डावीकडे चुनखडीचे उभे कडे, त्यातला बिग ब्लफ तर पाचशे फुटांहून उंच. पण नदीचा उतारही इथेच जास्त आणि वळणं अरुंद. पाणी मध्यम असेल आणि तुमच्यापैकी एकाला तरी कनू वळवता येत असेल, तर मुलाला घेऊन हा टप्पा जरूर करा. आठ वर्षांच्या मुलीला नेण्याबद्दल मी तिला पोहता येतं का आणि ती पाण्याला घाबरते का हे विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही. पाणी कमी असेल तर याच टप्प्यात दर शंभर पावलांवर उतरून कनू ओढावी लागते. मोठ्यांना ती कसरत चालते, मुलं दुपारी रडकुंडीला येतात. आणि पाणी ‘जास्त’ असेल तर तुमच्या कुटुंबासाठी हा टप्पा नाहीच. कनू भाड्याने देणारे त्या दिवशी तुम्हाला कनू देत असले तरी नाही.

मग पर्याय काय? टायलर बेंड ते गिल्बर्ट. पाच-सहा मैल, अर्ध्या दिवसाचं काम. इथपर्यंत येताना नदीला बरेच ओढे आणि झरे मिळालेले असतात, त्यामुळे वर गोटे दिसत असले तरी इथे बहुतेक वेळा कनू सुखाने चालते. कडे आहेत, पोहायला डोह आहेत, गोट्यांचे रुंद काठ आहेत. पॉन्काइतकं नाट्य नाही, पण आजी-आजोबांसकट सगळं घर एका पाण्यावर उतरू शकतं ते इथे. त्याहून खाली बफेलो पॉइंट ते रश हा सातेक मैलांचा टप्पाही संथ आहे आणि कोरड्या वर्षात तोच हाती राहतो. फक्त रशला बाहेर पडायचं चुकवू नका. त्याच्यापुढे नदी व्हाइट नदीला मिळेपर्यंत वीसहून अधिक मैल मधे एकही रस्ता नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की मुक्काम टायलर बेंडला ठेवा आणि पॉन्का हा ‘जमलं तर’चा दिवस ठेवा. टायलर बेंडच्या कॅम्पग्राउंडवर नळाचं पाणी, फ्लशचे संडास आणि अंघोळीची सोय आहे. हायवे ६५ जवळ असल्याने डॅलसहून रात्री पोचणंही सोपं. स्टील क्रीक आणि काइल्सचे कॅम्प कड्यांच्या पायथ्याशी आहेत, फार सुंदर आहेत, पण तिथे सोयी अगदी जुजबी आणि काइल्सला उतरणारा रस्ता खडबडीत, तीव्र उताराचा. आई-बाबांना घेऊन रात्री त्या रस्त्याने गाडी उतरवू नका. टायलर बेंडहून पॉन्काला वळणांच्या रस्त्याने सव्वा-दीड तास लागतो. गुरुवारचा आलेख चांगला असेल तर पहाटे निघून जाता येतं. मेमोरियल डेच्या शनिवारी पॉन्काच्या पुलाखाली कनूंची जत्रा असते, तेव्हा आठच्या आत पाण्यात असाल तरच शांतता मिळेल. खरं तर रविवारी सकाळी करा, गर्दी थोडी विरळ असते. गाडीची काळजी नको, कनू देणारेच किल्ली घेऊन तुमची गाडी शेवटच्या ठिकाणी नेऊन ठेवतात. याला ते शटल म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात.

आता गोट्यांवरच्या तंबूबद्दल. यावर मी जरा लांबण लावणार आहे.

नदीतून जाणाऱ्यांना काठच्या गोट्यांवर तंबू टाकायला परवानगी आहे आणि ती रात्र विसरता येत नाही, हेही खरं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, आम्ही सहा कुटुंबं, प्रुइटच्या वर एका ऐसपैस काठावर उतरलो. आकाश स्वच्छ, चांदणं. पिठलं-भात झाला, मुलं झोपली. मी सवयीने पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली होती. अकराला पाहिली तेव्हा ती कडेलाच होती. अडीचच्या सुमारास मला जाग आली ती आवाजाने नाही, आवाज थांबल्याने. आमच्या समोर एक उथळ धार होती, तिची खळखळ रात्रभर चालू होती, ती बंद झाली होती. पाणी वाढलं की उथळ धारेवरचे दगड बुडतात आणि नदी गप्प होते. टॉर्च मारला तर काटकी दिसेना. पाणी गढूळ झालेलं आणि तंबूपासून चार पावलांवर. वर बॉक्सलीच्या बाजूला संध्याकाळी मोठा पाऊस झाला होता, आमच्या डोक्यावर थेंबही नव्हता. पुढच्या वीस मिनिटांत आम्ही मुलांना उचलून मागच्या चढावर नेलं, कनू झाडांना बांधल्या, तंबू तसेच ओढले. उजाडलं तेव्हा आम्ही झोपलो होतो तिथून पाणी वाहत होतं. कोणाला खरचटलंही नाही. याचं एकच कारण, की मागे चढता येईल अशी वाट मी उजेडातच बघून ठेवली होती. ज्या काठामागे सरळ कडा आहे, तिथे मी तेव्हाही थांबत नव्हते आणि आजही थांबत नाही.

याच राज्यात, दुसऱ्या नदीवर, लिटल मिझुरीकाठच्या आल्बर्ट पाइक कॅम्पग्राउंडला जून २०१०मध्ये रात्रीच्या पुरात २० माणसं गेली. त्यातली बहुतेक रीतसर कॅम्पग्राउंडवर झोपलेली होती. तुम्ही पहिल्यांदाच येताय, सोबत दोन मुलं आणि दोन वयस्क माणसं आहेत, मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. अशा वेळी दोन्ही रात्री गोट्यांवर नको. टायलर बेंडला राहा, आणि तिथेही पुराची सूचना असेल तर रेंजर सांगतील ते लगेच ऐका. पुढच्या वर्षी, एकदा नदी ओळखीची झाली की, आकाश आणि आलेख दोन्ही स्वच्छ असताना काठावरची रात्र करा.

ट्रेककडे वळू. हेम्ड-इन हॉलोचा धबधबा २०९ फुटांचा, रॉकी आणि अ‍ॅपलेशियन पर्वतांच्या मधल्या भागातला सर्वांत उंच म्हणून ओळखला जातो. पठारावरच्या कॉम्प्टन गावाच्या बाजूने एका दिशेला अडीच मैल, आणि हजार फुटांहून जास्त उतार. सह्याद्रीत गड चढताना दम आधी लागतो आणि परतीला गुडघे बोलतात. इथे गाडी वर पठारावर लागते, सगळं उतरायचं आधी, आणि चढ येतो तो शेवटी, भर दुपारी, पाणी संपत आल्यावर. आपल्याकडचे चांगले ट्रेकरही इथे फसतात ते याच कारणाने. उतरताना वेळ इतका कमी लागतो की परतीचा अंदाज चुकतो. बारा वर्षांचा मुलगा करेल. मुलगी आणि आई-बाबा नकोत. मात्र पॉन्का ते काइल्स जमलं, तर वाटेत नदीवरूनच पाऊण मैलाच्या पायवाटेने याच धबधब्यापाशी जाता येतं आणि मोठा चढ वाचतो. कनू पार वर ओढून बांधून ठेवा. पाऊस नसेल तर धबधब्याची नुसती धार उरलेली असते, तेव्हा नदी कोरडी असताना मुद्दाम कॉम्प्टनहून उतरण्यात फारसा अर्थ नाही.

सगळ्यांनी मिळून करायचा ट्रेक म्हणजे लॉस्ट व्हॅली, पॉन्काजवळच. जाऊन-येऊन सव्वादोन मैलांच्या आसपास. सुरुवात सपाट, पुढे प्रचंड मोठं कपारीसारखं छत आणि वर ईडन फॉल्स. आई-बाबांना कपारीपर्यंत न्या, शेवटचा चढ त्यांनी सोडला तरी काही हुकत नाही. टायलर बेंडलाच कोलियर होमस्टेडची छोटी वाट आहे, जुनं लाकडी घर आणि वरून नदीचं वळण दिसतं. तिथे ते दोघं सकाळी आपापले जाऊ शकतील. बिग ब्लफवरच्या ‘गोट ट्रेल’चे फोटो तुम्ही पाहिले असतील. अरुंद कपार, बाजूला सरळ खोली, कठडा नाही, आणि तिथून पडून माणसं गेलेली आहेत. मुलांना घेऊन तिथे जाऊ नका.

बाबांना कनूत बसवायचं का, हे मी वयापेक्षा गुडघ्यांवर ठरवते. घरी त्यांना पाटावरून आधाराशिवाय उठता येतं का ते बघा. येत असेल तर टायलर बेंडचा संथ टप्पा ते आनंदाने करतील. इन्सुलिन थेट बर्फाला टेकू देऊ नका, गोठलं की निकामी होतं; टॉवेलात गुंडाळून, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, त्यांच्याच कनूत, बांधून. साखर कमी झाली तर द्यायच्या गोळ्या त्यांच्या खिशात हव्यात, तुमच्या नाही. वल्हवताना साखर नेहमीपेक्षा लवकर उतरते, म्हणून डोसबद्दल निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

पाण्यातल्या सुरक्षिततेच्या तीनच गोष्टी, पण त्या मुलांना गाडीतच पाठ करून घ्या. लाइफ जॅकेट पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत अंगावर, बकल लावून. खांद्याला धरून वर ओढलं तर ते कानांपर्यंत येता कामा नये. आठ वर्षांच्या मुलीला वेगळी कयाक नको, ती कनूत मधे बसेल. पाण्यात पडलात तर वाहत्या धारेत उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाय दगडात अडकतो. उताणं व्हायचं, पाय पुढे, बोटं पाण्याबाहेर. आणि पडलेल्या झाडापासून लांब राहायचं. पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस चाळणीतल्या खड्यासारखा अडकतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला अशी झाडं हमखास असतात, म्हणून वळण आतून घ्या. दगडावर कनू आडवी लागलीच, तर सगळ्यांनी दगडाकडे झुकायचं. मन उलटं सांगतं, पण दगडापासून लांब झुकलात तर पाणी कनूत शिरतं आणि ती उलटते.

सामानात काचेचं काही नको. नदीवर काचेला बंदी आहे. दर वर्षी कोणाची तरी आईने दिलेली लोणच्याची बरणी गाडीत राहते. लोणचं घरीच स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात काढा. थर्माकोलचे पेले-डबेही नकोत, कूलरचं झाकण घट्ट बसणारं हवं, कचऱ्याची जाळीची पिशवी कनूला बांधलेली हवी. दशम्या, तिळाची चटणी, मेतकूट-भात यांच्याइतकं इथे दुसरं काही सोयीचं नाही. चुलीसाठी लाकूड डॅलसहून आणू नका, त्यातून झाडांची कीड पसरते; तिथेच विकत घ्या. चपला नकोत, बोटं झाकणारे आणि पट्ट्याने घट्ट बसणारे बूट घाला. रोज रात्री मुलांच्या काखा, गुडघ्यांच्या मागचा भाग आणि केसांची मुळं टॉर्चने तपासा. मे महिन्यात गोचिडी भरपूर असतात. पेट्रोल हॅरिसनला किंवा जॅस्परला भरून घ्या आणि नकाशे आधीच फोनवर उतरवून ठेवा.

लॉस्ट व्हॅलीहून परत येताना एक संध्याकाळ बॉक्सलीच्या खोऱ्यात ठेवा. १९८१ ते १९८५च्या दरम्यान इथे एल्क, म्हणजे मोठ्या जातीची हरणं, पुन्हा आणून सोडले, आणि आता सूर्यास्ताच्या सुमाराला ते रस्त्याकडेच्या गवतात चरताना दिसतात. आई-बाबांना गाडीतून उतरायचीही गरज नाही. तिथली कुरणं आणि जुनी कोठारं बघताना हेही लक्षात असू द्या, की उद्यान झालं तेव्हा नदीकाठच्या कितीतरी कुटुंबांची जमीन गेली. बॉक्सलीत काही जण अजून शेती करून राहतात. त्यांच्या फाटकांच्या आत गाडी घालू नका.

आता तुमचं काम एवढंच. आज टायलर बेंडचा मुक्काम बघा; आधी राखता येणाऱ्या जागा या वीकेंडला लवकर संपतात. कनू देणाऱ्याशी बोलताना पाणी पाहून टप्पा बदलता येईल का आणि पाणी जास्त झालं तर पैसे परत मिळतील का, हे स्पष्ट विचारून घ्या. उद्यानाची परवानगी असलेलाच निवडा. गुरुवारी संध्याकाळी पॉन्का आणि टायलर बेंड, दोन्ही आलेख बघा, आणि मला दोन्ही ठिकाणची पातळी, रेघ चढती की उतरती, आणि मुलीला पोहता येतं का, एवढं कळवा. कुठल्या दिवशी कुठे उतरायचं ते मी त्याच रात्री सांगते.